शिंजीर व गुंजनपक्षी

कावेरीकाठच्या कुंभकोणम् नगराच्या परिसरात केळीच्या बागा विपुल आहेत. केळफुलातील मध शोषण्यास तेथे जेमतेम 10 सेंटिमीटर लांबीचा, बाकदार चोचीचा शिंजीर येतो. नराची चकाकणारी पिसे पाहून पुष्कळ लोक त्यास गुंजनपक्षी समजतात. परंतु गुंजनपक्षी आज केवळ उत्तर व दक्षिण अमेरिकेतच आढळतात. त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जातींपैकी अनेक अँडीज पर्वतातील दमट अरण्यांत राहतात.

गुंजनपक्ष्याचा पंख खांद्यात फिरतो व वर-खाली अशा दोन्ही हालचालींत शरीर तोलून धरतो. म्हणून तो फुलापुढे अधांतरी स्थिर राहतो. त्याचे पाय मात्र चालण्यास निरुपयोगी असतात. शिंजीर क्षणभरच तरंगतो. एरवी देठ पायांनी घट्ट धरून मध पितो. तो चिमणी-कावळ्यांच्या गणातील आहे.

मग गुंजनपक्ष्याचा आप्त आपल्याकडे कोणता? जुन्या मंदिरांच्या वळचणीस घरटी करणारी, विळ्यासारख्या पंखांची पाकोळी! तिचेही पाय दुबळे, बाहूचे हाड आखूड व पंखाचा पुढील भाग लांब असतो. जनुकांच्या अभ्यासानेही हे नाते सिद्ध झाले आहे. समान आहाराने रूप सारखे घडते. तेवढ्यावरून कुळ ठरवू नये.