पहिल्या भेटीपूर्वीचे आठ दिवस : वर्ण्य चिकित्सेची मर्यादा

तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे एक विशिष्ट प्रकारचा रुग्ण येऊ लागतो. त्याला ज्वर नसतो, अतिसार नसतो. त्याचा किंवा तिचा पाहण्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. अलीकडे विवाहविषयक संकेतस्थळावर ओळख झालेल्या व्यक्तीस एखाद्या उपाहारगृहात प्रथमच भेटायचे असते, एवढाच काय तो फरक. "डॉक्टर, पुढच्या रविवारी भेट आहे, तोपर्यंत चेहरा उजळेल असे काहीतरी द्या," ही मागणी मात्र तीच. हाती सात-आठ दिवस असतात. ही मागणी हसण्यावारी नेणे योग्य नाही, कारण त्या रुग्णाच्या दृष्टीने ती क्षुल्लक नसते. परंतु तिला बळी पडणे अधिक धोक्याचे आहे, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

काही वर्षांपूर्वी चोवीस वर्षांची एक मुलगी आईसह आली. मुखदूषिका स्पष्ट दिसत होत्या. भेटीस सहा दिवस उरले होते. मी लोध्र, वचा व धणे यांचा लेप दिला, पोटात सारिवाद्यासव दिले आणि निश्चिंत झालो. चौथ्या दिवशी आईचा दूरध्वनी आला, "चेहरा भाजल्यासारखा लाल झालाय हो." प्रत्यक्ष पाहिले तेव्हा गाल सुजलेले, त्वचेवर आग व खाज, बारीक पुटकुळ्यांचे पीक. चौकशी केली असता कळले की ती चौदा महिने औषधाच्या दुकानातून आणलेली एक गोरेपणाची ट्यूब लावीत होती. तीत मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन होते. माझे औषध सुरू झाले म्हणून तिने ती ट्यूब एका दिवसात बंद केली होती. शिवाय लेप पूर्ण वाळेपर्यंत तासभर ठेवून नंतर खरखरून काढला होता. ट्यूबविषयी मी विचारले नव्हते आणि लेपाचा विधी नीट सांगितला नव्हता. भेट पुढे ढकलावी लागली. पाहुण्यांकडे निरोप काय द्यायचा, या चिंतेने त्या माउलीचा चेहरा मुलीपेक्षा अधिक उतरला होता.

स्टेरॉइड दीर्घकाळ लावलेल्या त्वचेची सहनशक्ती क्षीण झालेली असते. त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि औषध एकदम थांबविले की लक्षणे उसळून येतात. अशा त्वचेवर तीक्ष्ण-उष्ण द्रव्यांचा लेप म्हणजे आगीत तेल. हा रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांच्या सहकार्यानेच हाताळावा. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

लेपविधीचा आपल्याला पाठ असलेला भाग व्यवहारात सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात मुखलेपाचे दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य असे तीन प्रकार सांगून त्यांची जाडी अनुक्रमे पाव, तृतीयांश व अर्धा अंगुळ दिली आहे. लेप ओला असेपर्यंतच ठेवावा, वाळलेला लेप कांती बिघडवतो, आणि काढण्यापूर्वी तो पुन्हा भिजवून घ्यावा, असा स्पष्ट निर्देश तेथे आहे. अजीर्ण, पीनस यांबरोबर रात्री जागरण झालेल्यासही मुखलेप वर्ज्य सांगितला आहे. भेटीच्या धास्तीने रात्रभर तळमळलेल्या मुलीस सकाळी उठून घाईघाईने लेप थापणाऱ्या घरच्या मंडळींना हे मुद्दाम सांगावे लागते.

वर्ण्य म्हणजे गोरे करणारे नव्हे

चरकांच्या वर्ण्य महाकषायात चंदन, पुन्नाग, पद्मक, उशीर, मधुक, मंजिष्ठा, सारिवा, पयस्या व दोन प्रकारच्या दूर्वा अशी दहा द्रव्ये आहेत. जाहिरातींनी या गणाचा अर्थ गोरेपणाशी जोडला. परंतु इंद्रियस्थानात चरकांनी प्रकृतिवर्ण सांगताना कृष्णापासून अवदातापर्यंतचे सर्व वर्ण स्वाभाविक मानले आहेत. वैकारिक वर्णांच्या यादीत मात्र नील, श्याव, ताम्र, हरित यांबरोबर शुक्लही आहे. प्रभेचेही तसेच. असित प्रभासुद्धा स्निग्ध व विकासी असेल तर शुभ, आणि कोणतीही प्रभा रूक्ष, मलिन असेल तर अशुभ. म्हणजे वर्ण्य द्रव्याचे कार्य बिघडलेला वर्ण त्याच्या मूळ स्थितीस आणणे हे आहे. सावळ्या मुलीस गोरी करणे हे ते कार्य नव्हे. 2020 साली एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला. आपल्या दुकानांतील फलकांवरून तो गेला आहे का, हे प्रत्येकाने पाहावे.

हाती असलेले दिवस

आठ दिवसांत शोधन बसत नाही. स्नेहपान, स्वेदन, प्रधान कर्म आणि संसर्जन क्रम यांस दोन-तीन आठवडे लागतात. भेटीच्या दिवशी रुग्ण पेयेवर आणि निस्त्राण असणे कोणालाही परवडणारे नाही. दोन महिने आधी येणाऱ्यासच वमन-विरेचनाचा विचार सांगावा. एका भावी वराने 'पोट साफ तर चेहरा साफ' या न्यायाने आदल्या रात्री शेजाऱ्याचे रेचक घेतले आणि पाहुण्यांसमोरून तीनदा उठला, ही हकीकत मी हल्ली सर्वांना सांगतो. हशाही पिकतो आणि मुद्दाही पटतो.

त्वचा निरोगी असल्यास रक्तचंदन, मंजिष्ठा, यष्टिमधु यांचे सूक्ष्म चूर्ण, रूक्ष त्वचेस दुधात व तैलकट त्वचेस गुलाबपाण्यात, एक दिवसाआड दहा-पंधरा मिनिटे पुरेसे आहे. प्रथम कानामागे लावून एक दिवस वाट पाहावी. शेवटच्या तीन दिवसांत चेहऱ्यावर काहीही नवीन नको. ब्लीच नको, प्रथमच लावायचा केसांचा कलप नको. तैलकट, पुटकुळ्यांच्या चेहऱ्यावर कुंकुमादि तेलही नको, ते कितीही महाग असले तरी.

चेहऱ्याइतकाच प्रश्न घामाचा व मुखदुर्गंधीचा असतो, पण रुग्ण तो संकोचाने बोलत नाही. आपणच विचारावा. नागरमोथा, वाळा व लोध्र यांचे उद्वर्तन, स्नानानंतर काखेत तुरटीचे पाणी, जिव्हानिर्लेखन, आणि चरकांनी सांगितलेल्यांपैकी लवंग-वेलची मुखात धरणे हे साधे उपाय खात्रीचे आहेत. आदल्या रात्री कच्चा कांदा-लसूण टाळावा. तळहाताला घाम फुटणाऱ्याने चहा कमी करावा व सुती रुमाल जवळ ठेवावा. कपडे एकदा वापरलेले, अंगाला सवय झालेले असावेत. उपाशी मात्र जाऊ नये. रिकाम्या पोटी पित्त खवळते आणि हात कापू लागतात.

धीर हा विषय सत्त्वावजयाचा आहे. त्यासाठी दहा मिनिटे दार लोटून बसावे लागते. मी एकच प्रश्न विचारतो, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" बहुतेकांचे उत्तर रूपाविषयी नसते. "मला बोलायला सुचत नाही," असे एक अभियंता म्हणाला. त्याला समोरच्या व्यक्तीस मनापासून विचारावेसे वाटणारे दोन प्रश्न ठरवून जाण्यास सांगितले, आणि भेटीपूर्वी पाच मिनिटे श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ देण्याचा सराव दिला. अनेक नकार पचवून झोप व भूक गेलेली, दिवसभर आरशासमोर एकच डाग न्याहाळणारी व्यक्ती आली तर मात्र विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावी. रोग वाढविणाऱ्या गोष्टींत चरकांनी विषादास अग्रस्थान दिले आहे.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. 2018 साली केंद्र शासनाने चौदा स्टेरॉइड मलमे परिशिष्ट 'एच'मध्ये आणली. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. परवाना व बॅच क्रमांक नसलेली, 'आयुर्वेदिक' म्हणून येणारी सुटी क्रीमे ठेवूच नयेत. गोरेपणाच्या क्रीममधील पाऱ्याशी संबंधित मूत्रपिंडविकाराचे रुग्ण 2023 साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात आढळले होते. त्यांतील सर्वजण फक्त उजळ दिसू इच्छित होते.

माझ्या त्या रुग्णेची त्वचा शांत होण्यास पाच महिने लागले. भेट त्यानंतर झाली, तेव्हा गालांवर थोडे डाग उरलेले होते आणि तिने ते झाकले नव्हते. माझ्या केसपेपरवर आता तक्रारीच्या रकान्याच्या वर एक ओळ छापलेली आहे : 'चेहऱ्यास सध्या काय लावता? ट्यूब सोबत आणावी.'