खर्चलेले उष्मांक पुन्हा ताटात

वजन उतरवण्यासाठी ज्याने आहार कमी केला आहे, त्याने व्यायामात खर्च झालेले उष्मांक त्याच दिवशी परत खावेत की नाही, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्याला नेमून दिलेला रोजचा आहार कोणत्या गणिताने काढला होता हे पाहावे लागते. आणि सोलापुरात सात रस्ता परिसरातील ज्या व्यायामशाळेशी प्रस्तुत लेखकाचा संबंध आला, तेथे आहाराचे तक्ते वाटणाऱ्यांनी हे कधी पाहिलेच नव्हते. उष्मांक म्हणजे येथे किलोकॅलरी, अर्थात एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्णता. बोलीत तिलाच कॅलरी म्हणतात. लेखकाला वजन कमी का करावे लागले, हा विषय येथे अप्रस्तुत आहे.

शरीर स्वस्थ पडून असतानाही हृदय, फुप्फुसे, यकृत व मेंदू यांच्या कामासाठी जी ऊर्जा खर्च होते, तिला मूलभूत चयापचय म्हणतात. तिचा अंदाज बांधण्यासाठी मिफ्लिन, सेंट जिओर व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दिलेले सूत्र आज सर्वत्र वापरले जाते: पुरुषासाठी किलोमधील वजनाची दहापट, अधिक सेंटिमीटरमधील उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, अधिक पाच. वय ४५, उंची १७० सेंटिमीटर व वजन ८० किलो असल्यास हे उत्तर सुमारे १६४३ येते, आणि त्यास दिवसभराच्या श्रमांच्या प्रमाणात एका गुणकाने गुणले की रोजचा एकूण खर्च मिळतो. बैठे काम करणाऱ्यासाठी हा गुणक १.२ धरतात, तर आठवड्यातून तीन ते पाच दिवस मध्यम व्यायाम करणाऱ्यासाठी १.५५ धरतात, म्हणजे पहिल्या हिशेबाने खर्च १९७१ येतो व दुसऱ्याने २५४६. या दोन आकड्यांमधील ५७५ उष्मांकांचा फरक हाच व्यायामाचा मोबदला असतो, तो दुसऱ्या आकड्यात आधीच मिळालेला असतो, आणि त्यानंतर घड्याळाने दाखवलेला खर्च वेगळा खाणे म्हणजे एकाच पावतीवर दोनदा पैसे उचलणे होय.

सदर व्यायामशाळेत नेमके हेच घडले. लेखकाचा तक्ता १.५५ या गुणकाने तयार झाला, त्यातून ५०० वजा करून रोजचे २०४६ उष्मांक नेमून देण्यात आले, आणि वर मनगटी घड्याळ बांधायला लावून त्यावर दिसणारा चालण्याचा खर्च, जो बहुधा ४०० च्या आसपास असे, ‘शरीर उपाशी राहू नये’ म्हणून रोज भरून काढण्यास सांगण्यात आले. सूचनेचे पालन तंतोतंत होत असल्याने रोज २४४६ उष्मांक पोटात जात होते, तर प्रत्यक्ष खर्च, जसे पुढे दिसेल, २१८० च्या वर जात नव्हता. रोजचे हे सुमारे २६५ जादा उष्मांक महिन्याला आठ हजारांच्या जवळ पोहोचतात, आणि एक किलो शरीरचरबीत साधारण ७७०० उष्मांक साठतात हे ध्यानात घेतल्यास काट्यावर महिन्याला किलोभर वाढ का दिसत होती, हे सांगायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

पदवीचा उल्लेख हेतुपुरस्सर आहे, कारण व्यायामशाळेत या वाढीची निदाने मात्र एकामागून एक होत राहिली. वजन वाढत असल्याचे दाखवल्यावर प्रशिक्षकाने आधी ‘स्नायू वाढताहेत’ असे सांगितले, पुढच्या खेपेस ‘तुमची प्रकृतीच तशी’ असे सांगितले, आणि अखेर चारचौघांत, वजनकाट्याभोवती उभ्या असलेल्या तरुण मुलांदेखत, ‘काका, घरी चोरून खाताय’ असा आरोप केला. मध्यंतरी घाम गाळून घेतल्यावर लगेच काट्यावर उभे करून उतरलेले अर्धा किलो वजन यश म्हणून दाखवण्याचाही प्रघात होता, वस्तुतः अर्धा लिटर घाम गेला की तेवढे वजन उतरते आणि दोन तांबे पाणी प्याल्यावर ते परत येते. तक्त्याच्या मागील बाजूस पेन्सिलीने लिहिलेला १.५५ हा आकडा घरी बसून त्या सूत्राशी ताडून पाहिला, तेव्हा सारा उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी तो आकडा दाखवल्यावर मिळालेले उत्तर ‘संगणक काढतो ते, आम्ही नाही’ एवढेच होते. चुकीबद्दल दिलगिरीचा एक शब्दही निघाला नाही, चोरीचा आरोपही मागे घेतला गेला नाही.

घड्याळाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याचा आकडा पडद्यावर उमटत असल्यामुळे लोक तो प्रमाण मानतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरील सात उपकरणे तपासली, तेव्हा नाडीचे ठोके बहुतेक उपकरणांनी बरोबर मोजले, परंतु ऊर्जेच्या खर्चात सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले व सर्वांत वाईट उपकरण ९३ टक्क्यांनी चुकले. सोलापूरकरास यात आणखी एक अडचण आहे: एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिशी ओलांडतो, अशा उष्म्यात शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे अधिक रक्त धाडावे लागते व हृदयाचे ठोके वाढतात, पण स्नायूंचे काम त्या प्रमाणात वाढलेले नसते, ठोक्यांवरून खर्च ठरवणारे घड्याळ मात्र ही वाढ श्रमाच्या खाती टाकते. त्यामुळे विजापूर रस्त्याने कंबर तलावाकडे (ज्याचे नाव आता धर्मवीर संभाजी तलाव आहे) उशिरा, ऊन चढल्यावर चालून येणाऱ्याचे घड्याळ पहाटे चालणाऱ्याच्या घड्याळापेक्षा अधिक उदार होते.

प्रत्यक्ष खर्च काढण्याची साधी रीत अशी की, स्वस्थ बसलेला माणूस दर किलो वजनामागे तासाला सुमारे एक उष्मांक खर्च करतो, आणि ताशी सहा किलोमीटर वेगाने चालणारा त्याच्या सुमारे साडेचार पट करतो. ८० किलोचा माणूस पाऊण तास असा चालला तर २७० उष्मांक होतात, परंतु तो त्या पाऊण तासात खुर्चीत बसला असता तरी ६० खर्च झालेच असते, तेव्हा चालण्याची खरी कमाई २१० एवढीच राहते. ही वजाबाकी न केलेला आकडा कोणीही सांगितला, तर तो अर्धवट समजावा.

एवढ्यावरही भागत नाही. शरीरातील एकूण ऊर्जाखर्च मोजण्याची सर्वांत विश्वसनीय पद्धत म्हणजे जड हायड्रोजन व जड ऑक्सिजन असलेले पाणी पाजून ते शरीरातून किती वेगाने बाहेर पडते हे तपासणे; या पद्धतीने सतराशेहून अधिक प्रौढांच्या केलेल्या मोजमापांचे विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात असे आढळले की हालचालीत अधिक खर्च झालेल्या ऊर्जेपैकी सरासरी २८ टक्के शरीर अन्यत्र काटकसर करून वाचवते, शिवाय लठ्ठ व्यक्तींत ही काटकसर अधिक असते. सरासरीने धरले तरी वरील २१० पैकी दीडशेच हाती राहतात. सोलापुरी जेवणात दीडशे उष्मांक म्हणजे तीस ग्रॅमच्या आत शेंगा चटणी, कारण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या आसपास उष्मांक असतात, आणि चटणीवर घेतलेले तेल त्यात धरलेले नाही. संक्रांतीची एक शेंगा पोळी तर पाऊण तासाचे दोन फेरे पचवूनही शिल्लक उरते. ज्वारीच्या कडक भाकरीला येथे उगाच दोष देतात, खरा भार तिच्याबरोबरच्या चटणीचा व तेलाचा असतो. म्हणून भाकरी मोजण्याआधी चटणी काट्यावर तोलावी, चमच्याच्या अंदाजावर जाऊ नये.

लोक खाल्लेले कमी सांगतात, ही प्रशिक्षकांची तक्रार मात्र निराधार नाही. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात, कमी खाऊनही वजन उतरत नाही असे म्हणणाऱ्या व्यक्तींनी आपला आहार सरासरी ४७ टक्क्यांनी कमी व हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगितल्याचे आढळले होते. परंतु हा आरोप करण्यापूर्वी आरोप करणाऱ्याने स्वतःचा गुणक तपासावा, एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रात आहारावर काही वर्षांपूर्वी जो मोठा वाद झाला, त्यात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली, दिवसातून दोनदाच पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची व पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याची पद्धत एका बाजूस होती, तर ऋजुता दिवेकर यांचा थोडे थोडे व वारंवार खाण्याचा आग्रह दुसऱ्या बाजूस होता. दोन्ही मतांत उष्मांक मोजण्याला महत्त्व नाही, आणि दीक्षितांच्या पद्धतीत तर चालून आल्यावर भरपाई म्हणून खाण्यास जागाच नाही. त्यामुळे यांपैकी एखादी पद्धत पाळणाऱ्याने घड्याळाचा आकडा मधे आणू नये, पद्धत आणि उष्मांकमोजणी यांची सरमिसळ केल्यास कोणाचेच गणित जुळत नाही.

ज्याला मोजूनच खायचे आहे, त्याने १.२ हा बैठा गुणक धरून तक्ता करावा, चालण्याचा खर्च वरील रीतीने स्वतः काढावा, आणि भूक असह्य झाली तरच त्याचा निम्मा भाग परत घ्यावा. तक्त्यात व्यायाम आधीच धरला असेल तर काहीही परत घेऊ नये. वजन रोज सकाळी शौचानंतर व चहापूर्वी घ्यावे, परंतु निर्णय आठवड्याच्या सरासरीवरच घ्यावा, आणि तीन-चार आठवडे ती उतरत नसेल तर सूत्र काहीही म्हणो, रोजच्या आहाराचा आकडा दीडशे-दोनशेने खाली आणावा. झोप पुरेशी घ्यावी, पाणी भरपूर प्यावे, हे सर्वच सांगतात व ते खरेही आहे.

परत खाणे ज्यांना अनिवार्य ठरते, अशी माणसेही आहेत. आळंदी किंवा देहूहून पंढरपूरपर्यंत पायी येणारा वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो आणि मुक्कामोमुक्कामी पोटभर जेवतो, ते योग्यच आहे. लांब पल्ल्याचे धावपटू व सायकलपटू यांनी खर्चाच्या मानाने सतत कमी खाल्ल्यास हाडे, संप्रेरके व स्त्रियांची पाळी यांवर विपरीत परिणाम होतो, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने व्यायामाच्या आगेमागे काय खावे, हे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावे, प्रशिक्षकाने नव्हे.

तक्ता कोणाकडूनही घेतला तरी ‘व्यायाम धरला आहे’ किंवा ‘धरलेला नाही’ असे त्याच्या कोपऱ्यावर तक्ता देणाऱ्याच्या अक्षरात लिहून घ्यावे व खाली सही घ्यावी. सात रस्त्यावरील त्या व्यायामशाळेत नंतर दिलेल्या सुधारित तक्त्यावर अशी सही मागितली असता ‘एवढा संशय असेल तर पैसे कशाला भरता, काका’ असे उत्तर मिळाले, आणि पैसे तोवर वर्षभराचे भरून झालेले होते.