हलव्यातले सत्त्व कोठे जाते?



सण आला की पुष्कळ घरांत एक संवाद हमखास ऐकू येतो. डॉक्टरांनी गोड कमी करावयास सांगितलेले असते आणि पुढ्यात हलव्याची बशी येते. मग कोणीतरी मायेने म्हणते, "घ्या हो आई, गव्हाचा आहे, नारळाचा आहे, वर बदामही आहेत. पौष्टिकच आहे!" ह्या बोलण्यात खरे किती, हे आज आपण तपासू.

तुलनेसाठी प्रथम बहारीनमधील सखीर येथे जाऊ. हा वाळवंटी भाग आहे. २००४ साली तेथे मोटारींच्या शर्यतीचे मैदान सुरू झाले, म्हणून त्याचे नाव जगाला माहीत झाले. पण तेथील लोकांना सखीर म्हटले की हिवाळ्यातले तंबू आठवतात. थंडीत कुटुंबेच्या कुटुंबे वाळवंटात तंबू ठोकून राहतात. पाहुण्यापुढे तीन वस्तू ठेवण्याची तिकडे रीत आहे: खजूर, बहारीनी हलवा आणि वेलदोडा घातलेली बिनसाखरेची कॉफी.

हा हलवा म्हणजे आपल्या हलव्याचा चुलतभाऊच. मक्याचे सत्त्व, साखर, तूप किंवा तेल, केशर, गुलाबपाणी आणि सुकामेवा घालून तो बराच वेळ घोटतात. रोश हशानाला आपण करतो त्या हलव्यात मक्याऐवजी गव्हाचा चीक आणि तुपाऐवजी नारळाचे दूध असते. नारळाच्या दुधामुळे मांसाच्या जेवणानंतरही तो खाता येतो.

आता चीक कसा निघतो ते आठवा. गहू दोन-तीन दिवस भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग वाटून फडक्यातून पिळावयाचे. खाली बसतो तो पांढरा चीक. तो जवळजवळ सर्व पिष्ट असतो. १०० ग्रॅम गव्हात सुमारे १२ ग्रॅम प्रथिने असतात. त्यांतील बरीचशी कोंड्याबरोबर चोथ्यात राहतात. म्हणजे ज्याला आपण सत्त्व म्हणून जपतो ते पिष्ट असते, आणि अंगाला लागणारा पुष्कळसा भाग आपण टाकून देतो! महाराष्ट्रात कुरडया करणाऱ्या बायका अधिक हिशेबी. त्या चोथ्याच्या भुसवड्या घालतात.

आता बदामाचा हिशेब करू. १०० ग्रॅम बदामात सुमारे २१ ग्रॅम प्रथिने असतात हे खरे. परंतु एक बदाम सव्वा ग्रॅमच्या आसपास भरतो. वडीवर एक बदाम लावला तर पाव ग्रॅम प्रथिन मिळाले. हलव्यात वजनाने निम्मी साखर आहे असे धरले, तर ५० ग्रॅमच्या त्याच वडीत २५ ग्रॅम साखर पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेल्या प्रमाणाप्रमाणे, दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या निरोगी माणसाने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ च्या आत ठेवली तर अधिक बरे. गूळ आणि मधही त्यातच मोजावयाचे. केशराच्या चिमटीने हा हिशेब बदलत नाही.

सखीरच्या त्या ताटात खजूरही आहे. तोही गोडच, त्याच्या वजनाचा बहुतेक दोन तृतीयांश भाग साखरेचा असतो. मात्र त्यातून काही पिळून टाकलेले नसते. १०० ग्रॅममागे सुमारे ७ ग्रॅम तंतू आणि भरपूर पोटॅशियम त्यात राहते. म्हणून तीन खजूर आणि एक वडी ह्यांची बरोबरी होत नाही. तरीही मधुमेह्याने खजूर मोजूनच खावेत, आणि ज्याला मूत्रपिंडाचा विकार आहे त्याने पोटॅशियमबद्दल डॉक्टरांना विचारावे.

आपल्या घरात असा पदार्थ नाही काय? एलियाहू हन्नाबीच्या नावाने होणारा मलिदा पाहा. पोहे, ओला नारळ, साखर किंवा गूळ, आणि भोवती फळे. पोह्यांचा कोंडा गेलेला असतो आणि नारळात स्निग्धांशही बराच असतो. पण नारळाचा चव आणि फळे सबंध पोटात जातात, आणि गोडी हाताने कमी करता येते. मलिद्यात गूळ निम्मा घातला तरी मलिदा बिघडत नाही. हलव्यात साखर निम्मी केली तर तो नीट जमत नाही व टिकतही नाही.

म्हणून हलवा बंद करा असे माझे म्हणणे नाही. जो पदार्थ आपल्या आजी-पणजींनी कोकणात घोटला आणि आपण समुद्रापार आणला, तो सणाला व्हावाच. फक्त त्याला औषधाचे नाव देऊ नये. आईला वडी द्यावी ती लहान कापून, जेवणातला भात किंवा चपाती तेवढी कमी करून, आणि "हे गोड आहे" असे स्पष्ट सांगून. पौष्टिक म्हणून दिलेल्या वडीमागे दुसरी येते, तिसरीही येते. सणाची म्हणून दिलेली वडी एकच पुरते.

ह्या सणाला बशी भरण्यापूर्वी एक वडी तराजूवर ठेवून पाहा आणि घरातल्या मुलांकडून तिच्यातील साखरेचा हिशेब करवून घ्या.