पीएचपीतील स्टॅटिक सदस्य आणि आडत दुकानाचा गोषवारा

पीएचपी या भाषेत स्टॅटिक सदस्य म्हणजे क्लासचा असा गुणधर्म किंवा असे फंक्शन, जे एकेका ऑब्जेक्टपुरते नसून साऱ्या क्लासच्या मालकीचे असते, आणि २००९ मधील ५.३ या आवृत्तीपासून क्लासचे नाव व्हेरिएबलमध्ये ठेवूनही त्याच्यापर्यंत पोहोचता येते. जालन्यातील एका आडत दुकानाच्या हिशोबाला ही सोय चपखल बसणारी होती : शेतमाल हा मूळ क्लास, सोयाबीन, कापूस, मोसंबी हे त्याचे उपक्लास, आणि यादीतून निवडलेल्या मालाचा भाव म्हणजे $माल::$दर.

दर मात्र केवळ मूळ क्लासमध्ये जाहीर केलेला होता, आणि उपक्लासने तो पुन्हा जाहीर केला नाही तर पीएचपी त्याची वेगळी प्रत काढत नाही, सगळे उपक्लास एकाच जागेवर लिहितात. एकेका शेतकऱ्याची हिशोबपट्टी तरीही बिनचूक निघे, कारण वेबवर स्टॅटिक किंमत सर्व्हरकडे आलेल्या त्या एका विनंतीपुरतीच टिकते. दिवसअखेरच्या गोषवाऱ्यात मात्र एकाच विनंतीत सर्व दर आधी ओळीने भरले जात, मोसंबीचा सर्वांत शेवटी, आणि मोसंबीचा भाव टनावर बोलला जात असल्याने सोयाबीनच्या क्विंटलांना टनाचा दर लागून कागदावर न भूतो न भविष्यति अशी उलाढाल उमटली. सोयाबीन आणि मोसंबी यांच्यापुढे एकच आकडा छापलेला पाहताच दोष कोठे आहे हे स्पष्ट झाले.

मूळ क्लास या कामाच्या मुख्य कंत्राटदाराचा होता, आणि दर प्रत्येक उपक्लासात जाहीर करावा अशी लेखी सूचना, या कामात बाहेरून आलेल्या प्रस्तुत लेखकाने त्याला आरंभीच दिली होती. तरीही दुकानमालकासमोर ‘बाहेरच्या माणसाने घोळ घातला’ असे सांगताना त्या कंत्राटदाराला यत्किंचितही संकोच वाटला नाही, आणि सूचना पुढे ठेवताच ‘ते तर आम्हाला माहीतच होते’ असे उत्तर आले. माहीत होते तर दुरुस्त का झाले नाही, या प्रश्नावर विषय बदलण्यात आला.

व्हेरिएबलमधल्या क्लासनावाने स्टॅटिक सदस्य गाठण्याचा मार्ग धरणाऱ्याने उपक्लासांत तो सदस्य पुन्हा जाहीर केला आहे का, हे आधी तपासावे. गुणधर्माचे नावही व्हेरिएबलमध्ये असेल तर $माल::$नाव लिहून भागत नाही, कारण पीएचपी ‘नाव’ याच नावाचा गुणधर्म शोधते. तेथे $माल::$$नाव असे दुहेरी चिन्ह लागते. नेमस्पेस, म्हणजे क्लासच्या नावांचे कप्पे, वापरात असल्यास व्हेरिएबलमध्ये कप्प्यासह पूर्ण नाव हवे. फॉर्ममधून आलेले नाव ठरलेल्या यादीशी ताडून पाहिल्याशिवाय क्लास म्हणून कदापि वापरू नये.  सूचना लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. फोनवर ‘हो, हो’ म्हणणारी मंडळी बिल चुकते करण्याची वेळ आली की तो फोन झालाच नव्हता असे सांगतात.