सही करण्याआधी एवढं ऐक

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, गिरणीत पाळ्या कमी करताहेत. साहेब म्हणाले, राजीनामा लिहून दे आणि हिशेब घेऊन जा." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तू रडू नकोस, पण त्या कागदावर सहीही करू नकोस. का, ते नीट सांगते.

तुझं काम जातंय यात तुझा काडीचा दोष नाही. अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून आपल्या मालावर 50 टक्क्यांपर्यंत कर लावला. कपड्याच्या ऑर्डरी अडल्या की सुताची मागणी अडते. त्याच महिन्यात केंद्राने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं 11 टक्के शुल्क काढलं आणि ती सूट 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा हा त्यामागचा हेतू. पण परदेशी गाठ स्वस्त पडली की आपल्या भागातल्या गाठीचा भाव दबतो, आणि त्याची झळ जिनिंगला बसते. म्हणजे तुझं गिरणीतलं काम आणि जावईबापूंचं जिनिंगमधलं काम, दोन्ही एकाच वाऱ्यात सापडली. आपल्या खामगावला हे वारं नवीन नाही. जलंब-खामगाव रेल्वे 1870 मध्ये आली तीच कापूस बाहेर नेण्यासाठी. बाजार परदेशाशी जोडला गेला, मजुराच्या सुरक्षेची जोड मात्र फार उशिरा आणि अर्धवट मिळाली.

तू विचारलंस, "परदेशी व्यापारामुळे काम गेलं तर सरकार वेगळी मदत देतं का?" अमेरिकेत 1974 च्या व्यापार कायद्याखाली तशी योजना होती. आयातीमुळे काम गेलं असं सिद्ध झालं की भत्ता आणि प्रशिक्षण मिळायचं. 1 जुलै 2022 पासून तिथेही नवे अर्ज मंजूर होणं थांबलं. आपल्याकडे गिरणी कामगारांसाठी 1986 पासून वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी होता. गिरणी कायमची बंद पडली तर पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 आणि तिसऱ्या वर्षी 25 टक्के मदत मिळायची. 1 एप्रिल 2017 पासून तो ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाला. त्यामुळे कर कोणी लावला, हे आता इथे कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की तुझा ईएसआय भरला होता का, आणि काम तू सोडलंस की तुझं काढून घेतलं.

म्हणून राजीनामा नको. स्वतःहून काम सोडलं अशी नोंद झाली की ईएसआयच्या बेकारी भत्त्याचं दार बंद होतं. "मला कपातीचं पत्र द्या," एवढंच म्हण. आवाज चढवू नकोस, पण शब्द बदलू नकोस.

आता पगारचिठ्ठी काढ. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल तर त्यातून 0.75 टक्के ईएसआयसाठी कापलेले दिसतील आणि तुझा विमा क्रमांकही सापडेल. तू ठेकेदाराकडून लागली असलीस तरी तो क्रमांक तुझाच.

बेकारी भत्ता अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून येतो. त्यात सरासरी रोजच्या कमाईच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस मिळतात. तुला रोज 400 पडत असतील तर 200 प्रमाणे 18,000 रुपये होतात. त्यासाठी दोन वर्षांचा विमा हवा. काम जाण्याआधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी एकीत तेवढीच. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा या सहामाह्या. काम जाऊन 30 दिवस झाले की अर्ज करता येतो. आधार आणि बँकेचं पासबुक जवळ ठेव. 50 टक्क्यांच्या दराची मुदत वेळोवेळी वाढवत आणली आहे, म्हणून चालू नियम ईएसआयच्या 1800-11-2526 या नंबरवर विचारून घे.

छाटणी झाली किंवा गिरणीच बंद पडली तर राजीव गांधी योजना बघ. तिथे पहिले 12 महिने पगाराच्या 50 टक्के, पुढचे 12 महिने 25 टक्के आणि त्या काळात दवाखान्याची सोय आहे. एकाच काळासाठी दोन्ही योजनांचे पैसे मिळत नाहीत, म्हणून तुला कोणती बसते ते आधी नीट विचार.

मालकाकडून मिळायचं ते वेगळं. वर्षात 240 दिवस भरले असतील तर छाटणीत किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांची सरासरी मजुरी. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी त्याखेरीज. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत छाटणी झालेल्या कामगारासाठी आणखी 15 दिवसांच्या मजुरीएवढी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. तीही लेखी माग. दाद मिळाली नाही तर बुलढाण्याला सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे जा.

आता जावईबापूंचं. इथे माझं मन दुखतं. फक्त जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना कायद्याने हंगामी ठरतो आणि ईएसआयमधून वगळला जातो. म्हणजे वर सांगितलेला भत्ता त्यांना नाही. पण "फक्त" या शब्दाकडे लक्ष दे. त्याच कारखान्यात सरकीचं तेलही निघत असेल, तर तो खरंच हंगामी आहे का, हे ईएसआय कार्यालयात विचारलंच पाहिजे. हंगामी कामगारालाही ग्रॅच्युइटी आहे. कारखाना चालू असलेल्या दिवसांपैकी 75 टक्के दिवस काम केलं असेल तर तो हंगाम धरतात, आणि दर हंगामाला सात दिवसांची मजुरी मिळते. रोज 400 प्रमाणे आठ हंगामांचे 22,400 रुपये. जिनिंगवरच्या कितीतरी मजुरांना हे कोणी सांगतच नाही. मस्टरवर नाव आहे का, ते त्यांना आधी बघायला सांग. पीएफ आणि ईएसआय दोन्ही नसेल तर ई-श्रम कार्ड तरी काढून ठेवा.

आणि पीएफ एकदम रिकामा करू नकोस. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, पेन्शनचे पैसेही काढलेस तर ती मोडेल.

माझं स्पष्ट मत आहे, की व्यापाराचे निर्णय दिल्लीत आणि वॉशिंग्टनमध्ये होतात, तर त्याची भरपाई जिनिंगच्या रेचावर बसणाऱ्या बाईपर्यंतही पोहोचली पाहिजे. हंगामी म्हणून तिला बाहेर ठेवणं अन्याय आहे, आणि तो बदलायला आपल्यालाच बोलावं लागेल. पण तो बदल येईपर्यंत जे हक्काचं आहे ते सोडायचं नाही. उद्या पाळीवर जाण्याआधी पगारचिठ्ठ्या, ओळखपत्र आणि हजेरीच्या पानांचे फोटो काढ आणि मला पाठव. तुझ्यासोबत आणखी कोणाकोणाला राजीनामा मागितलाय, त्यांची नावंही लिहून घे. अर्ज सगळ्यांनी मिळूनच करायचे.