मीटिंगमध्ये सगळे गप्प का?

प्रश्न : मी नांदेडचा. पुण्यात नोकरी करून आता लातूर एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये मॅनेजर आहे. सकाळच्या मीटिंगला कुणीच अडचण सांगत नाही आणि दुपारी रोलर बंद पडतो. काय करावं?

उत्तर : तुमची माणसं लपवाछपवी करत नाहीत, चारचौघांत साहेबाला अडचण सांगणं त्यांना आगाऊपणाचं वाटतं. मोठ्यांपुढे उलट बोलू नये, हे घरचं वळण कामावरही येतं. गीर्ट हॉफस्टेड यांनी अनेक देशांतल्या आयबीएम कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९८० मध्ये वरिष्ठांपासूनचं हे अंतर मांडलं. त्यात भारत बराच वर आहे. मराठवाड्यात तर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची राजवट होती. अधिकाऱ्यापुढे जपून बोलण्याची सवय तिथूनही आली असावी, असं मला वाटतं.

तेव्हा मीटिंग आटोपती घ्या आणि मशीनपाशी जा. ‘काही अडचण?’ विचारलंत, तर ‘काही नाही, साहेब’ हेच ऐकू येईल. ‘आज चुरी जास्त का पडतेय?’ असं विचारा. बोट मशीनकडे असलं की माणूस मोकळा होतो. जुन्या मिस्त्रीला आधी एकट्याला गाठा, पोरं त्याच्याकडे बघूनच बोलतात. पट्टा सैल झाल्याचं कुणी सांगितलं, तर पहिलं वाक्य ‘बरं झालं सांगितलंस’ हेच हवं. चूक कुणाची, ते नंतर, एकट्यात.