आठवड्याला अकरा फेऱ्या

मुंबईच्या शिवाजी पार्काला वेढणारा कट्टा सुमारे १.१७ किलोमीटर लांब आहे. ताशी पाच किलोमीटरच्या चालीने एक फेरी चौदा मिनिटांत होते. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पार्काच्या अकरा फेऱ्या. वजन बरंच वाढलेल्या माणसाने शून्यापासून अकरा फेऱ्यांपर्यंत बारा आठवड्यांत कसं पोचावं, त्याची ही कृती.

दर जानेवारीत कट्ट्याभोवती नवे कोरे बूट दिसतात आणि फेब्रुवारीत त्यातले बरेच दिसेनासे होतात. पहिल्याच दिवशी चार फेऱ्या, दुसऱ्या दिवशी गुडघा धरलेला, महिनाअखेरीस वजनकाटा जवळजवळ तिथेच. माणूस स्वतःलाच दोष देतो आणि घरी बसतो. खरं तर मोजमापच चुकलेलं असतं. खाण्यात काही न बदलता नुसत्या व्यायामाने काही महिन्यांत साधारण दोन-तीन किलो उतरतात. फायदा मात्र त्याहून कितीतरी मोठा असतो. रक्तदाब उतरतो, साखर आटोक्यात येते, यकृतात आणि पोटात आत साठलेली चरबी घटते, झोप लागते, मन हलकं होतं. यातलं बरंचसं काटा हलण्याआधीच सुरू होतं.

याचा जुना दाखला लंडनच्या डबलडेकर बसमधला आहे. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिलं, की दिवसभर बसून बस चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करत तिकिटं देणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. कंडक्टर मुळातच सडपातळ असतील, ही शंका रास्त होती. म्हणून त्यांच्या गणवेशांच्या कमरेची मापं तपासली गेली. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या निघाल्या खऱ्या, पण पोट सुटलेल्या कंडक्टरलाही जिन्याचं संरक्षण मिळतच होतं. वजन तेवढंच राहिलं तरी चालणारं शरीर बसलेल्या शरीरापेक्षा निरोगी असतं, हे या कृतीचं मूळ आहे.

ही कृती कोणासाठी

उंची-वजनाच्या हिशेबाने येणारा बीएमआय भारतीयांत २५ च्या पुढे गेला की स्थूलपणा धरतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर असेल, तर पोटाची चरबी जास्त आहे असं समजावं. आपल्या लोकांत मधुमेह कमी वजनावरच गाठतो, म्हणून हे आकडे युरोपीय लोकांपेक्षा खालचे ठेवले आहेत.

तयारी

१. आधी डॉक्टरांना भेटा. छातीत दुखणं, चालताना धाप, चक्कर, मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा जुना त्रास यांपैकी काही असेल, तर त्यांच्या परवानगीशिवाय सुरुवात नको. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर चालताना एकदम खाली जाऊ शकते. औषधाच्या वेळा विचारून घ्या आणि खिशात खडीसाखर ठेवा.

२. बूट संध्याकाळी विकत घ्या. दिवसभराने पाऊल थोडं सुजतं, आणि चालताना ते तेवढंच होणार असतं. पुढे बोटांना जागा हवी, टाच घट्ट बसायला हवी. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे पाहा; फोड आलेला कळत नाही आणि तोच पुढे चिघळतो.

३. जाड मांड्या घासून सोलवटतात आणि कित्येक जण त्यापायी चालणं सोडतात, पण सांगत नाहीत. आतून गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी घाला किंवा व्हॅसलीन लावा. प्रश्न तिथेच संपतो.

४. एक वही करा. त्यात चार गोष्टी लिहा: बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर, सकाळी उठल्याउठल्या नाडीचे ठोके, एका फेरीला लागलेला वेळ, आणि खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं तो आकडा. पूर्ण फेरी तिसऱ्या आठवड्यात सुरू होईल, तोवर तो रकाना रिकामा ठेवा. वजन महिन्यातून एकदाच.

पहिला आणि दुसरा आठवडा: जा आणि मागे फिरा

पूर्ण फेरीच्या मोहात पडू नका. पार्काची वाट वळसा घालून पुन्हा तिथेच येते. अर्ध्यावर दम संपला तर दोन्ही बाजूंनी घर तेवढंच लांब. म्हणून उद्यान गणेशाच्या देवळापासून किंवा आपल्याला सोयीच्या कोपऱ्यावरून निघा, घड्याळ लावून पाच मिनिटं चाला, कट्ट्यावर टेका, श्वास सावरा आणि त्याच वाटेने परत या. आठवड्यातले पाच दिवस एवढंच.

जड माणसासाठी या कट्ट्यासारखी सोय दुसरीकडे सहसा मिळत नाही. बाकी रस्त्यांवर बसायला जागा शोधावी लागते. इथे सबंध फेरीभर बैठक तुमच्या सोबत चालते. तिचा संकोच न करता उपयोग करा. बसणं म्हणजे हरणं नव्हे.

लोक बघतील ही धास्ती सगळ्यांना असते. ती घालवायला सोबत घ्या: भाऊ, वहिनी, शेजारच्या काकू, कोणीही. आणि कट्ट्यावर बसलेल्यांनाही विनंती आहे, की एखादा जड माणूस समोरून चालत गेला तर त्याच्याकडे टक लावू नका, सल्लेही देऊ नका. त्याला घराबाहेर पडायला किती बळ लागलं असेल, याचा विचार करा.

तिसरा आणि चौथा आठवडा: एक पूर्ण फेरी

आता रोज एक फेरी, आठवड्यातून पाच दिवस. पहिली तीन मिनिटं रमतगमत, मग जरा उचलून, शेवटची दोन मिनिटं पुन्हा संथ. वेग बरोबर आहे का हे कळायला यंत्र नको. चालता चालता शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. बोलताच येत नसेल तर वेग जास्त झाला. सुरात गाता येत असेल तर पाय उचला.

फेरीला सतरा मिनिटं लागली तरी बिघडलं नाही. नऊ फेऱ्यांत तुमची १५० मिनिटं भरतील. तुमचं ध्येय नऊ, दुसऱ्याचं अकरा.

पाचवा ते आठवा आठवडा: आठवड्याला एक वाढवा

पाचव्या आठवड्यात एकूण सहा फेऱ्या, सहाव्यात सात, सातव्यात आठ, आठव्यात नऊ. त्या कशाही वाटून घ्या. सकाळी एक, संध्याकाळी एक असं केलं तरी फायदा तोच. सातव्या आठवड्यापासून दोन दिवस चालीत चढउतार आणा: एक मिनिट झपाझप, दोन मिनिटं नेहमीची चाल, असं पाच वेळा. हृदयाची ताकद याने वाढते.

याच टप्प्यात ताकदीचे व्यायाम सुरू करा, आठवड्यातून दोनदा, मध्ये एक दिवस सोडून.

- बैठक: आपल्या गुडघ्याएवढ्या उंचीच्या जागी कट्ट्यावर बसा, हात छातीवर, पुढे झुकून उठा, सावकाश बसा. आठ ते दहा वेळा. सुरुवातीला मांडीवर हात टेकून उठलात तरी चालेल.
- भिंतीचा जोर: हातभर अंतरावर उभे राहा, तळवे भिंतीला, कोपर वाकवून छाती जवळ न्या, ढकलून मागे या. आठ ते दहा वेळा.
- टाचा उचलणं: आधार धरून चवड्यांवर उभे राहा. दहा ते पंधरा वेळा.
- बाटली ओढणं: एक लिटर पाण्याची बाटली घ्या, थोडं वाकून दुसरा हात टेबलावर टेका आणि बाटली कमरेपाशी ओढा. दोन्ही हातांनी दहा-दहा वेळा.

प्रत्येकाची दोन आवर्तनं. उठताना, ढकलताना, ओढताना श्वास सोडा; श्वास कोंडला की रक्तदाब चढतो. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. वजन कमी करणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांनी तर हा भाग मुळीच टाळू नये. गुडघ्याचा भारही मांडीचे स्नायूच झेलतात. गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांत असं दिसलं आहे, की एक किलो वजन उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो.

नववा ते बारावा आठवडा: अकरा

नवव्यात दहा, दहाव्यात अकरा; पुढचे दोन आठवडे अकराच ठेवा. आता जिन्याची भर घाला. पार्काभोवतीच्या जुन्या तीन मजली इमारती असोत की लालबाग-परळची चाळ, एक मजला चढणं हा उत्तम व्यायाम आहे. चढताना दम लागतो, पण उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, म्हणून कठडा धरून उतरा.

रात्री जेवणानंतर दहा मिनिटं शतपावली करा. जेवणानंतर चढणाऱ्या साखरेतली काही त्या दहा मिनिटांत स्नायू वापरून टाकतात. आपल्या आज्या-पणज्यांनी लावलेली ही सवय मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासाठी फार मोलाची आहे.

खाण्याचं एकच सांगतो. नव्वद किलोच्या माणसाच्या एका फेरीत साधारण ७० ते ९० कॅलरी खर्च होतात आणि एका वडापावात ३०० च्या आसपास असतात. फेरी झाली म्हणून वडापाव, हा हिशेब कधीच जुळत नाही. फेरी आरोग्यासाठी मारा. वजन उतरवायचं तर ताटाकडे वेगळं बघावं लागेल.

ऋतू सांभाळा

मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ऊन चढायच्या आत किंवा सूर्यास्तानंतर चाला. जड शरीराला उष्णता बाहेर टाकायला वेळ लागतो, म्हणून आधी आणि नंतर पाणी प्या. कोरड्या दिवसांत मैदानातली लाल माती उडते आणि हिवाळ्यात पहाटेची हवा धुरकट असते. दमा असणाऱ्यांनी अशा दिवशी घरातच जागच्या जागी पावलं टाकावीत. पावसाळ्यात निसरड्या फुटपाथवर हट्ट नको. इमारतीचा व्हरांडा, चाळीची गॅलरी चालेल. मिनिटं मोजा, वहीत तेवढ्या फेऱ्या मांडा.

कधी थांबायचं

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घेरी, थंड घाम, बसूनही न जाणारी धाप यांपैकी काहीही झालं तर जागीच थांबा, बसा, सोबत्याला सांगा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. थोडं बसलं की बरं वाटेल म्हणून वाट पाहू नका.

पोटऱ्या-मांड्या दोन दिवस दुखणं स्वाभाविक आहे. सांधा मात्र दुसऱ्या सकाळीही दुखत असेल, तर एक टप्पा मागे या. आजारपण, लग्नसराई, गणपती यांत आठवडा बुडाला तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. दोन फेऱ्या कमी करून तिथूनच पुढे चला.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी

वही उघडा आणि पहिल्या पानाशी ताडून बघा. फेरीचा वेळ कमी झालेला असेल, उठ-बस वाढलेली असेल, सकाळची नाडी संथ झालेली असेल, कंबर एखाद-दोन सेंटिमीटर आत गेलेली असेल. वजन दोन किलोच उतरलेलं असलं तरी ती पानं डॉक्टरांना दाखवा. औषधांबद्दल काय ठरवायचं ते त्यांना ठरवू द्या. उतरलेलं वजन टिकवायचं असेल तर पुढे आठवड्याला २०० ते ३०० मिनिटं लागतात, म्हणजे पंधरा ते एकवीस फेऱ्या. त्याची घाई नाही.

हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये ते शिवाजी पार्क झालं. शंभर वर्षं ते क्रिकेटपटूंचं आणि मल्लखांबपटूंचं आहे, तेवढंच ते धापा टाकत पहिली पाच मिनिटं चालणाऱ्याचंही आहे. डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर आज संध्याकाळीच बूट घाला, पाच मिनिटं चाला, कट्ट्यावर बसा, मागे फिरा. घरी आल्यावर वहीत पहिली ओळ लिहा.